दोन्ही खांदे टेकले होते

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आमच्या आबांची ओळख करून द्यायची एक ठरलेली तऱ्हा आहे. एखादं नवीन गिऱ्हाईक धारोष्ण दुधाचा ग्लास घेऊन उभं राहिलं की शेजारचा म्हैसवाला सरसावतो.

"पावणं, दूध पिताय खरं, पर हे कोण हायत म्हाईत हाय का? आकाराम पैलवानानं पाडलेले विजयसिंह खराडे!"

पावण्याच्या मिशीवर फेस तसाच. हसावं की हळहळावं, त्याला कळत नाही. पडलेल्या माणसाची अशी दवंडी कोण पिटतं? तोवर आबा बादली बाजूला सारून उभे राहिलेले असतात. वय चौऱ्याहत्तर, पण उभे राहिले की दोन गिऱ्हाइकं त्यांच्या सावलीत मावतात. कुस्तीत दोन्ही कान मोडलेले, कांदाभज्यासारखे. आणि मग, "मी कलेक्टर होतो" हे दुसरा कुणी ज्या आवाजात सांगेल, त्या आवाजात आबा सांगतात, "व्हय. बहात्तर साली. दोन्ही खांदे टेकवले पठ्ठ्यानं."

आकाराम पैलवान गारगोटीकडचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण जिल्ह्यातल्या कुठल्याही तालमीत शिरा, मारुतीच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो असतोच. पोट सुटलेलं, मांड्या उखळासारख्या, चेहरा झोपमोड झाल्यासारखा. त्यांनी पंजाबचे पाडले, दिल्लीचे पाडले. पण म्हातारी माणसं अजून बोलतात ती बहात्तरच्या कुस्तीबद्दल, कारण त्या दिवशी आमच्या आबांनी पाठ लागू न देता संपूर्ण मैदान उभं करून ठेवलं होतं. शेवटी लागली. आबांना त्याचं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांचा सगळा जन्म त्या पडण्यावर उभा आहे. म्हशी घेतल्या, लग्न केलं, पोरांना वाढवलं, पण कुणी विचारलं "काय केलंत हो आयुष्यात?" की उत्तर एकच. आकारामकडून पडलो.

आणि मग पिक्चर आला.

आकाराम पैलवानांच्या आयुष्यावर मोठा पिक्चर निघणार, शूटिंग कोल्हापुरात होणार, असं कळलं तेव्हा चहाच्या गाड्यांवर साखरेपेक्षा तीच चर्चा जास्त ढवळली गेली. दोनच दिवसांत हिरोचा फोटो आला आणि कोल्हापूर पेटलं. हिरो दिल्लीकडचा. छाती गुळगुळीत, पोटावर सहा वड्या, कान नव्या कपाच्या दांडीसारखे अखंड.

"आकाराम म्हणायचा ह्याला? ह्यानं आयुष्यात तूप हुंगलंय का?"

"पोट न्हाय आन् पैलवान! जिमचा साबण हाय नुसता."

"अरं, कान रबराचे लावणार हायत म्हणं."

"मग अंगबी रबराचंच लावा की!"

विश्वजितदादाने ह्या सगळ्याचं पुढारपण केलं. त्याची संघटना आहे, तिचं नाव इतकं लांब आहे की फलकावर दोन ओळी लागतात. त्याचा आवाज माइक नसतानाही माइकमधूनच येतो. "आमच्या मातीतला माणूस, आमच्याच मातीतल्या पोरानं करायचा! न्हायतर एकबी कॅमेरा पंचगंगा ओलांडणार न्हाय!" आबांनी हे ऐकलं आणि म्हशीला चारा टाकत एवढंच म्हणाले, "कॅमेरं कवाच हायवेनं आलेत लेका."

पिक्चरवाल्यांनी मधला मार्ग काढला. हिरो तोच राहील, पण बाकीचे पैलवान कोल्हापूरचे घेऊ. आणि बहात्तरच्या कुस्तीत विजयसिंहांच्या कामासाठी त्यांनी निवडला आमचा सम्राट. माझा सख्खा भाऊ, आबांचा सख्खा नातू. एकवीस वर्षांचा. कुस्तीत त्याचं फार काही झालं नाही, तालुक्याच्या पुढं गाडी गेली नाही, पण अंगकाठी तंतोतंत आबांची. आईने गल्लीत पेढे वाटले. आबांनी सम्राटच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "नीट पड बरं का," म्हणाले. "माझ्यागत पड."

सम्राट आठवडाभर सीनच्या तालमीला गेला. एक दिवस दुपारी आला तो जेवायला बसला आणि भाकरी तशीच हातात धरून राहिला. समोर आबा, आणि उंबऱ्यात अमीनचाचा. अमीनचाचा आबांचे तालमीतले जोडीदार. दोघांनी एकमेकांना किती वेळा आपटलं याला गणती नाही. आता ते पैलवानांचे लंगोट आणि जांगे शिवतात, ह्या पिक्चरचेही त्यांनीच शिवले.

"सीन कसा हाय, सांगू का?" सम्राट म्हणाला.

"सांग की."

"तिथं फायटिंग शिकवणारा हाय एक. त्यो म्हणतोय, तू हरायला लागलास की मूठभर माती उचलायची आन्... आकारामच्या डोळ्यात मारायची."

आबांचा घास तोंडातच थांबला.

"मग त्यो आंधळा झाल्यागत चाचपडतोय, तू मागनं लाथा घालतोस. मग आईचा आवाज ऐकू येतोय त्येला, आन् डोळं मिटूनच त्यो तुला उचलून आपटतोय. टाळ्या."

 बाहेर म्हशीने शेपटी पत्र्यावर आपटली तेवढाच आवाज.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडच्या आखाड्यातली माती ही शेतातली माती नव्हे. तिच्यात हळद पडते, ताक पडतं, लिंबू, कापूर, तेल पडतं. चप्पल घालून तिच्यात कुणी पाय ठेवत नाही. उतरताना आधी ती कपाळाला लागते. पकड बसावी म्हणून पैलवान समोरच्याच्या अंगाला ती स्वतःच्या हाताने चोळतो. कधी चुकून डोळ्यात गेलीच, तर हलगी थांबते, आणि ज्याच्या हातून गेली त्यानेच पुसायची, अशी रीत आहे. तीच माती मुद्दाम डोळ्यात मारणारा माणूस नुसता लबाड ठरत नाही. त्याला पुन्हा कुठल्याच तालमीत उभं करत नाहीत.

"कुणी सांगितलं त्येंना असं?" आबांचा आवाज अगदी हळू होता. आबांचा आवाज हळू झाला की आमच्या घरात भांडीसुद्धा जपून ठेवतात.

"कुणीच न्हाय. त्येंनीच लिवलंय."

"न्हाय म्हणून सांग त्येंना."

"सांगितलं की! ते म्हणत्यात, तुला करायचं नसलं तर दुसरं पोरगं तयार हाय. नाव विजयसिंहच ऱ्हाणार."

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर स्वतः घरी आले, सोबत निर्मात्यांचा एक माणूस. डायरेक्टर चांगला माणूस होता, हे आधीच सांगून टाकते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, म्हशींकडे कौतुकाने बघितलं, चहा बशीत ओतून प्यायले. आणि मग म्हणाले, "आजोबा, आय टोटली रिस्पेक्ट यू. पण माझा प्रॉब्लेम समजून घ्या ना. एक माणूस दुसऱ्याला पाडतो. बस्स. ह्यात सीन कुठं आहे? थिएटरमधल्या माणसाला कुणाचा तरी राग आला पाहिजे, तर तो टाळी वाजवणार."

"मी पडलो त्येचा राग यील की."

"तुम्ही प्रामाणिकपणे पडलात, तर नाही येणार."

"मी प्रामाणिकपणंच पडलोतो."

"हो, पण सिनेमात..."

मग तो निर्मात्यांचा माणूस पुढे सरकला. त्याच्याकडे सगळ्यावर तोडगा तयार होता. "आजोबा, टेन्शनच नको. तुमचं नावच काढून टाकू. माती मारणाऱ्याला वेगळं नाव. मग तुमची बदनामी नाही, आमचा सीन जात नाही."

आईने आतून मान बाहेर काढली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं.

"कुठलं नाव?" आबांनी विचारलं.

"रुस्तमखान. बाहेरून आलेला पैलवान दाखवू. लोकांना पटतंही लगेच."

उंबऱ्यात अमीनचाचांनी बशी खाली ठेवली. आवाज न करता ठेवली. मग हसले. ते हसणं मी अजून कुणाला करून दाखवलेलं नाही, जमतच नाही. "घाला की," ते म्हणाले. "आमी हायच."

त्या माणसाने मागे वळून बघितलं, तेव्हा त्याला कळलं की दारात कोण बसलंय. तो "तसं नाही काका" म्हणाला, मग "जनरल नाव आहे" म्हणाला, मग चहा प्यायला लागला. कप रिकामा होता.

"आबा," आई दबक्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हणा आन् मोकळं व्हा. आपल्या नावाला तर डाग न्हाय ना."

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. नाव स्वच्छ, नातवाचं काम शाबूत, घरात शांतता. मी त्यांच्या मानेकडेच बघत होते.

"मग आकारामनं पाडलं कुणाला?" त्यांनी विचारलं.

"रुस्तमखानला."

"आन् मी?"

"तुम्ही... तुम्ही नसाल पिक्चरमध्ये."

"पन्नास वर्सं झाली, मी पडलेला माणूस हाय," आबा म्हणाले. "अख्खं कोल्हापूर वळखतंय. आन् आता तुमी सांगताय, मी पडलोच न्हाय?" मग त्यांनी दाराकडे हात केला. "आन् ह्यो अमीन. ह्येनं माझी बोटं मोडलीत, दात पाडलाय, पर माती कुणाच्या डोळ्यात घातली न्हाय. म्या न केलेलं पाप माझ्या डोक्यावरनं काढून ह्येच्या नावावर लिवायला मी काय येडा हाय व्हय? माझं नाव ऱ्हाऊ द्या. पाप काढा."

डायरेक्टरांनी कपाळ चोळलं. "ते नाही जमणार आजोबा. मग सीन आहे तसाच राहील. नावासकट. सुरुवातीला पाटी टाकू, काही प्रसंग काल्पनिक आहेत."

"पाटी बघाय कोण वेळंवर येतंय थेटरात?" अमीनचाचा म्हणाले. 

ते गेले आणि संध्याकाळी विश्वजितदादा आला. मागे दहा-बारा पोरं, सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाचे गमछे. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती आणि त्याने ती वाटेत चांगली मळून आणली होती.

"आबा! तुमच्यावर अन्याय झालाय!"

"त्ये म्हाईत हाय. बस."

"आजचा न्हाय, बहात्तरपासनं! आमी माणसं शोधल्यात. ती सांगत्यात, तुमची पाठ लागलीच न्हवती. पंच फितूर होता. कुस्ती बरोबरीत सुटाय पायजे हुती. आमी उद्या हेच घेऊन उठणार. विजयसिंह हरलेच न्हवते! बोला, एकदा तुमच्या तोंडानं म्हणा, सेट जागेवर ठेवत न्हाय."

आता इथं मला वाटलं, आबा विरघळतील. मीच विरघळले होते. आपला आजोबा हरलाच नव्हता! कट्ट्यावर काय सांगता येईल!

आबांनी विश्वजितदादाला जवळ बोलावलं. त्याचा हात धरून स्वतःच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्यावर ठेवला. "हितं आदी लागली. डावा. मग हितं. उजवा. मला कळालं, आकारामला कळालं, पंचाला कळालं. तू जलमला न्हवतास. तुला कोण म्हणतंय लागली न्हाय?"

"आबा, पर आमी तुमच्या बाजूनं..."

"त्यो म्हणतोय मी माती मारली. तू म्हणतोस मी पडलोच न्हाय. माझ्या बाजूनं कोणच न्हाय बघ."

विश्वजितदादा खाली मान घालून निघाला, पण दारात वळलाच. "आमी येणार शूटिंगला. गर्दीत बसणार. आबा, तुमी नुसता हात वर करा. फुडचं आमी बघतो."

शूटिंगपर्यंतचे दिवस घरात काटा रुतल्यासारखे गेले. आबा सम्राटशी बोलत नव्हते, असं नाही. "जेव" म्हणायचे, "दार लाव" म्हणायचे. सम्राटही "व्हय" म्हणायचा. शेवटी तोच फुटला. "आबा, मी काम सोडू का? सांगा की एकदाचं."

"तू सोडलंस तर दुसरा मारंल माती."

"मग करू?"

"तुझं तू ठरीव. मी सांगितलं तर माझं हुईल, तुझं न्हाय हुणार."

शूटिंगच्या दिवशी शहराबाहेरच्या माळावर त्यांनी जुनं मैदान उभं केलं होतं. लाकडी बाकं, जुन्या पद्धतीच्या पाट्या, मधोमध आखाडा. माती मात्र खरी आणलेली, वासावरून कळत होतं. गर्दी पुरवायचं काम बाळासोंकडे होतं. बाळासो लग्नाला वरात आणि सभेला माणसं पुरवतात, तेच इथं. "ए पांढरा पटका! फुडं! ए मोबाइल! बहात्तर साली मोबाइल हुता का रं तुझ्या बापाकडं? खिशात घाल! चष्मा काढ! काढला की दिसत न्हाय? मग आवाजावर टाळ्या वाजीव!"

गर्दी म्हणजे सगळं खरं कोल्हापूर होतं. पेठांतली, तालमींतली, आसपासच्या गावांतली कुस्तीशौकीन माणसं. हलगीवालाही खरा, दर वर्षी मैदानात वाजवणारा. आबा आणि अमीनचाचा पहिल्या बाकावर येऊन बसले. आई आणि मी कॅमेऱ्यांच्या मागे उभ्या होतो. बाळासोंनी बघितलं आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बंद पडला. मागे, वरच्या बाकांवर विश्वजितदादाची पोरं. त्यांचे डोळे आखाड्यावर नव्हते, आबांच्या हातावर होते. तो हात आबांनी गुडघ्यावर ठेवला होता आणि बोटं घट्ट मिटली होती.  त्या हाताने नुसती माशी वारली असती, तरी सेट उलथा झाला असता.

सम्राट उतरला. माती कपाळाला लावली. आबांकडे बघितलं नाही.

"ॲक्शन!"

हिरोने महिनाभर खरी मेहनत केली होती, हे मान्य करायला पाहिजे. पकड बरी होती. रबरी कान तेवढे लांबूनच कळत होते. हलगी कडकडली, गर्दी उठली-बसली, दोघं भिडले, सुटले. फायटिंग शिकवणाऱ्याने कडेवरून इशारा केला. सम्राटने वाकून मूठ भरली.

एक क्षण तो तसाच थांबला. मला वाटलं, टाकून देईल.

त्याने मारली.

नेम नको तितका बरोबर लागला. हिरोने डोळे मिटायच्या आत माती आत गेली आणि तो खरोखरचा ओरडला. अमीनचाचांच्या तोंडून "या अल्ला" निघालं. विश्वजितदादाची पोरं उभी राहिली. आबांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला.

आणि हलगी थांबली.

थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं. हलगीवाल्याच्या हाताला सवय, तो थांबला. हलगी थांबली म्हणून गर्दी गप्प झाली. कुणीतरी पंचा आखाड्यात फेकला. आणि आमचा सम्राट, ज्याने आता हिरोला मागून लाथा घालायच्या होत्या, तो गुडघ्यावर बसला, पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हिरोची मान मांडीवर घेऊन त्याचा डोळा पुसायला लागला. "उघड. वर बघ. चोळू नको. चोळू नको म्हणतोय न्हवं!" पुसता पुसता एक रबरी कान त्याच्या हातात आला. तो त्याने नीट बाजूला ठेवला.

"कट! कट!" डायरेक्टर धावत आले. "काय करतोयस तू? व्हिलन आहेस तू! आणि हलगी का थांबवली?"

"डोळ्यात माती गेली न्हवं?" हलगीवाला म्हणाला, जणू ह्याच्यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ती सीनमध्येच आहे!"

"असू दे की. गेली ती गेलीच."

परत लावलं. ह्या वेळी माती नाकाच्या शेंड्यावर पडली, पण हलगी तरीही थांबली. "साहेब, हातच चालंना," हलगीवाला म्हणाला. तिसऱ्यांदा त्यांनी हलगी बंदच ठेवली, तर माती उडाल्याबरोबर पुढच्या बाकांवरची चार म्हातारी माणसं सरळ आखाड्यात उतरली आणि कुस्ती सोडवायला लागली. बाळासो त्यांना मागे ओढत होते, "अरं, ह्ये खोटं हाय, खोटं हाय!" आणि त्यातला एक म्हातारा त्यांनाच दटावत होता, "खोटं असलं तरी डोळा खरा हाय का न्हाय त्येचा?"

डायरेक्टर खुर्चीत बसले. लाल डोळ्यांचा हिरो त्यांच्याकडे गेला, दोघं बोलले, आणि डायरेक्टर एकदम उठून आबांसमोर आले. चेहरा उजळलेला.

"आजोबा! मिळालं! माती चुकून जाते. विजयसिंह कुस्ती थांबवतो, त्याचा डोळा पुसतो. आणि मग हरतो. काय माणूस! लोक रडतील! तुम्ही हिरो व्हाल!"

पुढची बाकं खूश झाली. "बेस्ट!" "काटा किर्र!" विश्वजितदादासुद्धा वरून ओरडला, "आबा, घ्या, घ्या!" सम्राट पंचा हातात घेऊन आशेने बघत होता.

आबा उठले. ते उठल्याबरोबर वरची पोरं धाडधाड उभी राहिली. आबांनी मागे न बघताच हाताने खाली दाबलं. "बसा रं."

मग डायरेक्टरांना म्हणाले, "तसंबी झालं न्हवतं."

"काय?"

"माती गेलीच न्हवती डोळ्यात. पुसायची कशाला?"

"अहो पण ह्यात तुमचा मोठेपणा..."

"मला न्हाय पायजे न केलेला मोठेपणा. न केलेलं पाप नको, तर ह्येबी नको."

"मग काय करू मी?" डायरेक्टरांचा आवाज फाटला. "उन्हं चाललीत, हिरो उद्या जाणार. तुम्ही सांगा. काय झालं होतं? कुठं आहे ह्यात सीन?"

आबांनी चपला काढल्या. आखाड्यात उतरले, माती कपाळाला लावली. "सम्राट, हो उताणा. टाचा रोव. डोकं रोव. उचल अंग."

सम्राटने डोकं आणि टाचा मातीत घातल्या आणि अंगाची कमान केली. पाठ आणि माती यांच्यात चार बोटं जागा.

"आता तू," आबा हिरोला म्हणाले, "ह्येच्या छातीवर पड. खोटा जोर लावू नको. खरा लाव." मग डायरेक्टरांकडे वळून त्या चार बोटांच्या जागेकडे त्यांनी बोट दाखवलं. "सीन हितं हाय. लाव कॅमेरा."

डायरेक्टर खाली वाकले. मग पोटावर झोपले, कपड्यांसकट, आणि त्या फटीतून पलीकडे बघितलं.  नुसती हाताने खूण केली आणि कॅमेरा जमिनीला लागला.

हलगी सुरू झाली, हळू. हिरोने जोर लावला. सम्राटची मान लाल झाली, मग जांभळी. पाठ इंचभर खाली आली, परत वर गेली. गर्दीला कुणी उठ म्हटलं नाही, ती आपोआप उठली. कुणी ओरडत नव्हतं. हिरोच्या तोंडावरून घाम सम्राटच्या गळ्यावर ठिबकत होता, आणि त्याच्या डोळ्यांत आता खरंच भीती होती, कारण खालचा माणूस पडतच नव्हता.

पडायचं होतं. सम्राटला माहीत होतं, पडायचं आहे. पण लहानपणापासून त्या अंगाला एकच गोष्ट शिकवलेली, पाठ लागू द्यायची नाही. अंग ऐकेना. पाय थरथरायला लागले. आई तोंडावर पदर धरून उभी होती. "मान जाईल त्येची," अमीनचाचा आबांकडे बघत पुटपुटले. "विज्या, बास कर."

आबा आखाड्याच्या कडेला उकिडवे बसले, कॅमेऱ्यात येणार नाही असे. त्यांचा चेहरा सम्राटच्या उलट्या चेहऱ्यासमोर आला. इतक्या दिवसांत दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदाच बघितलं.

"सम्राट," आबा म्हणाले. "त्यो माझ्यापरास चांगला हुता. टेक."

डावा खांदा आधी लागला. मग उजवा.

हलगी फुटल्यासारखी वाजली. पटके उडाले, बाकं हादरली, आणि "आकाराम! आकाराम!" असा जो गजर उठला, त्यात सगळ्यात वरचा आवाज आबांचा होता. हिरो मातीत बसून रडत होता, कशाबद्दल ते त्यालाही सांगता आलं नसतं. विश्वजितदादा ज्या हिरोला पंचगंगा ओलांडू देणार नव्हता, त्याच्याच नावाने शिट्ट्या मारत होता.

"कट," डायरेक्टर जमिनीवरूनच म्हणाले. मग उठले, कोपराची माती न झटकताच म्हणाले, "सुपर्ब. सुपर्ब. फक्त सेफ्टीसाठी, एक वन मोर घेऊया?"

आबांनी सम्राटच्या काखेत हात घालून त्याला उभा केला होता. त्याच्या पाठीची माती ते तळहाताने झाडत होते, आधी डावा खांदा, मग उजवा.

"एकदाच पडलोतो मी," ते म्हणाले, आणि त्याला घेऊन आखाड्याबाहेर आले.